सर्जनलाही माहीत नसेल तेव्हा

नवे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी त्याची कसून परीक्षा होते. आधी प्रयोगशाळेत, मग मोजक्या माणसांवर, मग शेकडो-हजारो रुग्णांवर. सगळी कागदपत्रे तपासून झाल्यावर कुठे परवानगी मिळते. नवी शस्त्रक्रिया मात्र उद्या सकाळीच सुरू होऊ शकते. हातातल्या उपकरणाला मान्यता लागते, पण त्या उपकरणाने काय कापायचे, किती कापायचे आणि मुळात कापायचे का, हे बहुतेक ठिकाणी सर्जनच्या निर्णयावर सोडलेले असते. रुग्णाची सही मिळाली की काम सुरू.

हे बदलायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर खुद्द सर्जनमंडळींकडे नाही, तो प्रश्न घेऊन आलेल्या रुग्णाला चाचणीत भाग घेण्याची संधी मिळणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. आणि ज्या प्रश्नांतून कोणत्याही कंपनीला नफा होणार नाही, त्यांचा खर्च लोकांच्या पैशातून व्हायला हवा. ‘माझ्यावर प्रयोग नको’ ही रुग्णाची भीती मी समजू शकतो. पण उत्तर माहीत नसताना एकच शस्त्रक्रिया सगळ्यांवर करत राहणे हाही प्रयोगच आहे. त्याची नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून त्यातून कुणी काही शिकत नाही, इतकेच.

स्तनाच्या कर्करोगाइतके हे दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या पन्नास रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका (लिम्फ) ग्रंथी असे सगळे एकसंध काढून टाकायचे, हे त्यांचे ऑपरेशन. कर्करोग स्तनातून पायरीपायरीने पुढे सरकतो, आधी काखेत आणि मग शरीरभर. म्हणून जितके दूरवर कापू तितकी रुग्ण वाचण्याची आशा जास्त, हा त्यामागचा विचार. हॉल्स्टेड बेपर्वा नव्हते. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरण्याची पद्धत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, ऊती हळुवार हाताळण्याचा आग्रह त्यांचाच. गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचे प्रमाण त्यांनी खरोखरच खाली आणले होते. घोटाळा पुढे झाला. एका निष्णात माणसाच्या थोड्या रुग्णांवरून बसलेला विश्वास पाऊणशेहून अधिक वर्षे टिकला आणि त्या काळात ‘याहून कमी कापले तर काय होईल?’ हे नीट तुलना करून कुणी पाहिले नाही. उलट काही सर्जन छातीच्या हाडामागच्या ग्रंथींपर्यंत पोहोचले.

त्याची किंमत कुणी मोजली? बरगड्यांवर ताणून बसवलेली कातडी, आखडलेला खांदा, कायमचा सुजून जड झालेला हात घेऊन बायका जगल्या. कित्येकींना आपली गाठ कशाची आहे हे कळण्याआधीच भूल दिली जाई. त्या बेशुद्ध असतानाच तुकडा तपासला जाई, कर्करोग निघाला तर त्याच टेबलावर स्तन काढला जाई, आणि काय झाले ते जाग आल्यावर कळे. ही पद्धत बंद व्हावी म्हणून अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार रुग्णाने जाहीर झुंज दिली. निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे असावेत, ही शिफारस तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ बैठकीत झाली ती १९७९ साली.

शंका घेणारे आधीही होते. लंडनमध्ये जेफ्री केन्स १९२० च्या दशकापासून लहान शस्त्रक्रियेला रेडियमची जोड देत होते. क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल (धाकटे) १९५० च्या दशकात मोठ्या ऑपरेशनविरुद्ध उघड बोलू लागले आणि सहकाऱ्यांच्या रोषाचे धनी झाले. दोघांचेही म्हणणे पुढे बरोबर निघाले. पण ते सिद्ध करायला त्यांच्याजवळ आपापल्या रुग्णांच्या नोंदींपलीकडे काही नव्हते. एका सर्जनच्या अनुभवासमोर दुसऱ्याचा अनुभव ठेवला की ज्याचा दबदबा जास्त त्याचे खरे ठरते. हा वाद अनुभवाने सुटणारा नव्हताच.

तो सुटला चिठ्ठी टाकून. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली सुरू झालेल्या चाचणीत दीड हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. कुणाचे मोठे ऑपरेशन करायचे आणि कुणाचे स्नायू राखून फक्त स्तन काढायचा, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता सोडतीने ठरवले गेले. पंचवीस वर्षांनंतरच्या हिशेबातही दोन्हीकडे जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. फिशर यांचीच पुढची चाचणी १९७६ साली सुरू झाली. तिच्यात १,८५१ स्त्रियांची तुलना झाली: संपूर्ण स्तन काढणे, फक्त गाठ काढणे, किंवा गाठ काढून रेडिएशन देणे. वीस वर्षांनी तिन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. त्याच स्तनात गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण मात्र रेडिएशन नसेल तर ३९.२ टक्के आणि असेल तर १४.३ टक्के निघाले. तिकडे मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांमध्ये हीच गोष्ट वेगळ्या प्रकारे तपासली आणि त्यांचाही निष्कर्ष तोच निघाला. आज जगभर लाखो स्त्रियांचा स्तन वाचतो तो या चाचण्यांमुळे.

फिशर, वेरोनेसी यांची नावे पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या हजारो स्त्रियांची नावे कुठेच नाहीत आणि गोपनीयतेमुळे ती असणारही नाहीत. कर्करोगाचे निदान नुकतेच कानावर पडले आहे, समोरचा डॉक्टर सांगतो आहे की ‘कोणता उपचार बरा हे आम्हाला माहीत नाही’, आणि तरीही ती बाई सोडतीला हो म्हणते. सर्जरीच्या इतिहासात याहून मोठे धैर्य मला तरी ठाऊक नाही. बरे, निकाल लागेपर्यंत त्यांच्यापैकी कितीतरी जणी या जगात नव्हत्या.

पुढचा प्रश्न काखेचा. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर साधारण पाचांतल्या एका स्त्रीचा हात सुजतो. स्तनातून निघणारी लसिका जिथे पहिल्यांदा पोहोचते त्या एकदोन ‘सेंटिनेल’ ग्रंथीच तपासल्या तर हे प्रमाण वीसात एकीच्या आसपास राहते. पण त्या ग्रंथींत कर्करोग सापडला तर? तर उरलेल्या सगळ्या काढायच्याच, हा नियम कुणालाही तपासावासा वाटत नव्हता. लॉस एंजेलिसचे आर्मांडो जुलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासायचे ठरवले. एक-दोन ग्रंथी बाधित असलेल्या, स्तन राखून शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन घेणाऱ्या स्त्रिया त्यांनी निवडल्या. हव्या होत्या सुमारे १,९००, मिळाल्या ८९१. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. दहा वर्षांनी जगण्याचे प्रमाण काख साफ केलेल्यांत ८३.६ टक्के आणि न केलेल्यांत ८६.३ टक्के होते. म्हणजे ग्रंथी राखल्यामुळे काहीही बिघडले नव्हते. संख्या अपुरी म्हणून मात्र या निकालावर वर्षानुवर्षे खल झाला, आणि तोपर्यंत अनेक ठिकाणी काखा साफ होत राहिल्या. रुग्णांना विचारलेच गेले नाही, किंवा विचारण्याआधीच सर्जनने मनाशी उत्तर ठरवून टाकले, तर असे होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चाचण्या म्हणजे ‘कमी कापा’ असे सांगणारी चळवळ नव्हे. कमी करण्याचीही फॅशन होऊ शकते आणि तिलाही पुरावा लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीतून ऑपरेशन करणे रूढ झाले, कारण जखम लहान, दुखणे कमी, घरी लवकर जाता येते. सगळ्यांनी गृहीत धरले की परिणाम तेवढाच चांगला असणार. मग ३३ रुग्णालयांतील ६३१ स्त्रियांवर तुलना झाली आणि २०१८ साली निकाल आला. तीन वर्षांनी रोगमुक्त राहण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९७.१ टक्के होते, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ९१.२ टक्के. मृत्यूही जास्त. ही चाचणीही वेळेआधी थांबवावी लागली. तोवर किती स्त्रियांनी लहान जखमेच्या आनंदात आपला धोका वाढवून घेतला असेल, याचा अंदाजही करवत नाही.

अतिआक्रमक केमोथेरपी आणि तिच्या जोडीला अस्थिमज्जा प्रत्यारोपण, हा उपाय १९९० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी असाच पसरला. रुग्णांनी तो हक्क म्हणून मागितला, न्यायालयांनी विमा कंपन्यांना दंड ठोठावले, हजारो स्त्रियांनी तो घेतला. ‘नाही’ म्हणणारा क्रूर ठरत होता, त्यामुळे चाचण्यांना रुग्ण मिळेनात. अखेर निकाल आले तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीने मोठा फायदा दाखवला होता. २००० साली तपासणी पथक तिथे गेले आणि नोंदी बनावट निघाल्या. रुग्णांच्या बाजूने लढणे आणि चाचणीच्या बाजूने लढणे या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी आहेत, असे तेव्हा अनेक भल्या माणसांना वाटले. आजही वाटते. माझा सगळा आक्षेप याच समजुतीला आहे.

सामान्य शस्त्रक्रियेत प्रश्न इतके नाट्यमय नसतात. पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारे बदलावीत का? कुणाला बातमी वाटावी असा हा प्रश्न नाही. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्णांवर तो तपासला गेला आणि २०२२ साली उत्तर मिळाले: जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आले. म्हणजे साधारण पस्तीस रुग्णांमागे एकाची जखम चिघळायची वाचली, तीही स्वच्छ मोज्यांच्या एका जास्तीच्या जोडीने आणि वेगळ्या ठेवलेल्या हत्यारांनी. त्याआधीच्या वर्षी तशाच एका चाचणीत ५,७८८ रुग्णांवर जंतुनाशक लावलेला खास धागा तपासला होता. तो साध्या धाग्याहून सरस ठरला नाही. ‘उपयोग नाही’ हेही मोलाचे उत्तर आहे. जिथे रुग्ण पदरमोड करून ऑपरेशन करून घेतो, तिथे तर फारच.

अशा प्रश्नांना प्रायोजक मिळत नाही. साध्या धाग्याची जाहिरात कोण करणार? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या नेहमीच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. जवळपास १,६०० स्त्रियांच्या या अभ्यासात पाच वर्षांनी जगण्याचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के आणि दिलेल्यांत ९०.१ टक्के निघाले. एका चाचणीवर विसंबू नये, हे मी वर अनेक परींनी म्हटले आहेच. दुसऱ्या संशोधकांनी दुसऱ्या देशांत हे पुन्हा करून पाहायला हवे. पण दशकानुदशके वापरात असलेल्या, पेटंट संपलेल्या औषधासाठी ते करणार कोण? नफ्याच्या वाटेवर नसलेला प्रश्न विचारणे हे सरकारांचे आणि सार्वजनिक निधीचे काम आहे. त्या खर्चाला चैन समजणारे अर्थखाते निरुपयोगी ऑपरेशनांचा खर्च मात्र बिनतक्रार भरत असते.

आता आक्षेपांकडे. शस्त्रक्रिया गोळीसारखी नसते, हात बदलला की परिणाम बदलतो, मग तुलना कशी करायची? आक्षेप खरा आहे. पण अनेक सर्जन, अनेक रुग्णालये आणि पुरेशी संख्या घेतली की कौशल्यातला फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. शिवाय एखादे ऑपरेशन फक्त तिघा-चौघांच्याच हातून चांगले होत असेल, तर तेही लोकांना कळायला नको का? तंत्र अजून आकार घेत असतानाच सोडत काढणे घाईचे ठरेल, हेही मान्य. तोवर प्रत्येक रुग्णाची नोंद उघड नोंदवहीत व्हावी, यशाची तशीच अपयशाची.

सोडत अमानुष आहे, हा दुसरा आक्षेप मला अजिबात पटत नाही. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे माहीत असताना सोडत काढणे अमानुषच. माहीत नसताना तोंडावर ठाम भाव आणून एक उपचार निवडणे याला मात्र आपण आत्मविश्वास म्हणतो. कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या सर्जनकडे जाता यावर आजही रुग्णावर कोणते ऑपरेशन होईल ते ठरते. हीसुद्धा सोडतच, पण हिच्यातून कुणाला काही कळत नाही.

नुसती चीर देऊन टाके घालण्याच्या नकली शस्त्रक्रियेबद्दल मात्र मी सावध आहे. १९५९ साली छातीतील एक रक्तवाहिनी बांधण्याचे, हृदयाच्या दुखण्यावरचे लोकप्रिय ऑपरेशन अशा तुलनेत फोल ठरले आणि बंद पडले. लाभ मोठा झाला. तरीही धोका अत्यल्प असेल, दुसरा मार्ग नसेल आणि रुग्णाला सगळे लख्ख समजले असेल, तेव्हाच त्या वाटेला जावे.

स्तनाच्या बाबतीत एक कोपरा कायम अंधारात राहतो. स्तनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. दुखणे, गाठाळपणा, फायब्रोअडेनोमा म्हणजे कर्करोग नसलेली गाठ, स्राव, गळू. यातल्या बऱ्याच गोष्टी स्तनाच्या वाढीच्या आणि वयानुसार आक्रसण्याच्या नैसर्गिक प्रक्रियेतले फेरफार आहेत, अशी मांडणी कार्डिफचे सर्जन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली केली. तिने अनेकींना ‘रोगी’ या शिक्क्यातून सोडवले. पण ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिससारखा आजार पाहा. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत तरुण बाईच्या स्तनात कठीण गोळा होतो, कर्करोगासारखा दिसतो, फुटतो, वाहतो, महिनोन्महिने भरत नाही. कुणी स्टेरॉइड देतो, कुणी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, कुणी कापतो, कुणी थांबून पाहा म्हणतो. यातले काय बरे, हे सांगणाऱ्या भक्कम चाचण्या जवळजवळ नाहीत. जीव जात नाही, म्हणून निधी नाही. त्या बाईचे वर्ष-दीड वर्ष मात्र जाते, आणि त्या काळात तिचे घर, तिचे मूल, तिची नोकरी यांचे काय झाले ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

काय मोजायचे हेही म्हणूनच महत्त्वाचे. सर्जनला जगण्याची टक्केवारी आणि गाठ परत येण्याचा आकडा पुरेसा वाटतो. हात किती वर उचलता येतो, कपडे घालताना काय होते, आरशासमोर उभे राहवते का, हे प्रश्न बराच काळ मोजण्याच्या लायकीचे मानले गेले नाहीत. आज त्यासाठी तपासलेल्या प्रश्नावल्या आहेत. चाचणी आखतानाच त्या अनिवार्य कराव्यात, आणि आखणीच्या टेबलावर त्या आजारातून गेलेल्या स्त्रिया असाव्यात. पुरावा उत्तर देतो, पण निवड करत नाही, हे त्यांना चांगले कळते. पासष्टीपुढच्या, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या लहान गाठींच्या १,३२६ स्त्रियांमध्ये रेडिएशन वगळून पाहिले, तेव्हा दहा वर्षांत त्याच स्तनात गाठ परत येण्याचे प्रमाण ९.५ टक्के झाले, रेडिएशन दिलेल्यांत ०.९ टक्के. जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास ८१ टक्के. एक बाई म्हणेल, मला रोजच्या फेऱ्या नकोत. दुसरी म्हणेल, मला परत गाठ नकोच. दोघीही बरोबर आहेत, आणि दोघींनाही हा आकडा मिळण्याचा अधिकार आहे.

राहिला विश्वासाचा प्रश्न. फिशर यांच्या १९७६ च्या त्या गाजलेल्या चाचणीतही मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने रुग्णांच्या नोंदींत फेरफार केल्याचे १९९४ साली जगजाहीर झाले. किती स्त्रियांचा जीव टांगणीला लागला असेल! त्या रुग्णालयाचे सगळे रुग्ण वगळून हिशेब पुन्हा मांडला गेला. निष्कर्ष तोच राहिला. मूळ नोंदी जपलेल्या होत्या, म्हणून हे पडताळता आले. अनुभवाच्या जोरावर बोलणाऱ्या सर्जनच्या दाव्याची अशी फेरतपासणी करायची सोयच नसते. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी आधी नोंदणी न केलेल्या चाचण्या छापणे थांबवले, तेव्हापासून गैरसोयीचे निकाल दडपणे थोडे अवघड झाले आहे. पुरेसे अवघड नाही.

एक काम तर उद्यापासून करता येईल आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. चाचणीत भाग घेतलेल्या माणसाला तिचा निकाल त्याच्या भाषेत, एका पानावर, घरी पाठवायचा. आज बहुतेकांना तो कधीच कळत नाही. निकाल नियतकालिकात छापला जातो, परिषदांत मांडला जातो, त्यावर पदोन्नती होते. ज्याच्या शरीरावरून तो आला तो माणूस मात्र आपण कोणत्या गटात होतो एवढ्यावरच थांबतो. नीतिविषयक समित्यांनी हे पान मंजुरीच्या अटींत घालावे आणि ते पाठवल्याचा दाखला मिळेपर्यंत चाचणी पूर्ण झाली असे मानू नये.